उपाशी गोधडी

मला शिवणातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी गोधड्यांच्या कामाची देखरेख माझ्याकडे आली. कारण एवढंच की आमच्या महिला मंडळात मॅट्रिक झालेली मी एकटीच होते आणि माझा आवाज मोठा होता. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. लग्न होऊन नगरला आले होते, नवरा कचेरीत कारकून होता, आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी ठाम समजूत होती. ती समजूत पुढे एका भाकरीच्या तुकड्यानं उतरवली.

बहात्तरचा दुष्काळ. आमच्या पेठेतल्या दत्तमंदिराच्या पडवीत एरवी आमचं मंडळ भजन आणि हळदीकुंकू करायचं. त्या वर्षी भजनाला तोंड उघडायचीसुद्धा लाज वाटायला लागली. आमच्या अध्यक्षीणबाई डॉक्टरांच्या पत्नी होत्या. दिवाळीनंतर त्या मिरजगावच्या पुढे पाझर तलावाचं काम चालू होतं तिथे जाऊन आल्या आणि पडवीत बसून रडल्या. त्या कधी रडत नसत, म्हणून आम्ही घाबरलो. बायका दिवसभर दगड-माती वाहतात, बारदानाच्या खोपटात राहतात, त्यात बाळंतिणी आहेत आणि अंगाखाली पोतं आणि अंगावरही पोतं, असं त्या सांगत होत्या. थंडी तर नुकती सुरू होत होती.

त्या दिवसापासून आम्ही घरोघर फिरून जुनी लुगडी, धोतरं, फाटक्या चादरी गोळा करू लागलो. गोधड्या शिवायच्या आणि तिकडे पोचवायच्या असं ठरलं. पण आम्ही सगळ्या शहरातल्या. कुणी क्रोशानं रुमाल विणणारी, कुणी उशीच्या अभ्र्यावर पोपट काढणारी. पहिली गोधडी तयार झाली तेव्हा ती उचलली, तर मधून दत्ताची मूर्ती दिसली.

अध्यक्षीणबाईंकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी निरोप द्यायला आल्या होत्या. ओले हात पदराला पुसत त्या आमची ती गोधडी बघत उभ्या राहिल्या आणि खुदकन हसल्या.

"ताई, ही गोधडी न्हाई. ही चाळन हाय."

"मग तुम्ही दाखवा की शिवून," मी म्हटलं. मला राग यायला वेळ लागत नसे.

"दावते की. त्यात काय हाय!" म्हणाल्या आणि बसल्याच.

मावशी पाथर्डीकडच्या. पन्नाशीच्या आसपास, काटक, कपाळावर मोठं गोंदण. चार घरची कामं उरकून दुपारी बाराच्या सुमाराला येत आणि उन्हं कलेपर्यंत बसत. त्यांनी आल्या दिवशी आमचं सगळं मोडून काढलं. पडवीच्या फरशीवर लुगडी अंथरली, चार कोपऱ्यांवर चार वरवंटे ठेवले, मधे थर लावले आणि आम्हाला चहूबाजूंनी बसवलं. कडेनं शिवत शिवत आत यायचं, मधे पोचलं की गोधडी झाली. कुठलं कापड वर, कुठलं आत, हे त्या हातानं चुरगाळून ठरवत. एका श्रीमंत घरातून भोकं पडलेला शालू आला होता. आम्ही तो वर लावायला निघालो, तर मावशींनी बाजूला फेकला. "रेशीम ऊब देत न्हाई. निसतं मिरवतंय," म्हणाल्या. देणाऱ्या बाई तिथेच बसल्या होत्या. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

माझ्यावर तर त्यांचा विशेष लोभ. "ताईंचा टाका बघा, मोकाट जनावरागत कुटं बी चाललाय," असं म्हणत आणि सगळ्या जणी हसत. मी फणकारत असे, पण रोज त्यांच्याच शेजारी बसत असे. आज ती पडवी आठवली की आधी नाकात जुन्या सुती कापडाचा वास येतो, मग कानात बांगड्यांची किणकिण. एकेका लुगड्यावरून गोष्टी निघत. हे माझ्या डोहाळजेवणाचं, हे सासूबाई गेल्या तेव्हा वाट्याला आलेलं. माझ्या आईचं हिरवं लुगडं मी त्यात दिलं होतं. ते कुठल्या गोधडीच्या पोटात गेलं, मला कधी कळलं नाही. पण इतक्या बायकांच्या मांडीला मांडी लावून मी नंतर कधी बसले नाही, आणि इतकी हसलेही नाही. बाहेर दुष्काळ होता आणि आम्ही सुखात होतो, हे कबूल करायला आजही थोडं जड जातं.

मावशी फुकट राबत होत्या, पण त्यांची एक अट होती. पहिली चांगली गोधडी मिरजगावच्या कामावर त्यांच्या लेकीला जायची. लेक पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. पण माहेर म्हणजे नगरातली एक खोली, आणि त्या खोलीत अंथरुणाला खिळलेला बाप. जावई म्हणे, काम सोडून माहेरी गेली तर मुकादम पुन्हा घ्यायचा नाही. आणि मावशी नवऱ्याला टाकून तिकडे जाऊ शकत नव्हत्या.

"मला काय जाता येत न्हाई," एकदा शिवता शिवता त्या म्हणाल्या. "ही गोधडी जाईल. हेच तिचं म्हायेर."

ती गोधडी त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू न देता एकटीनं शिवली. टाके ज्वारीच्या दाण्यांएवढे, एका मापाचे.

आता घासाचं सांगते. दुपारी आम्ही डबे उघडायचो. मावशी फडक्यात बांधलेली भाकरी आणायच्या. त्या वर्षी सरकारी दुकानात मिलो नावाची अमेरिकेची लाल ज्वारी मिळायची, तिची तांबूस, खरखरीत भाकरी. जेवायच्या आधी त्या एक घास मोडून बाजूला ठेवायच्या. मला वाटायचं, कावळ्याला किंवा गाईला असेल. मग एक दिवस बघितलं. गोधडी पुरी होत आली की त्या एका कोपऱ्यात बोटभर फट ठेवायच्या, तो घास आत सारायच्या आणि वरून लाल कापडाचं ठिगळ मारायच्या.

"हे काय मावशी?"

"घास भरवला. गोधडी उपाशी ठिऊ न्हाई. उपाशी गोधडी अंगावर घेतली की घरात बी उपासमार येती. आमच्याकडं अशी रीतच हाय."

मी हसले. माझ्या शिकलेल्या डोक्यात ती गंमत म्हणून राहिली, त्यापलीकडे काही नाही.

अशा वीस-बावीस गोधड्या झाल्या. त्या देवळाच्या कोठीत रचून ठेवल्या होत्या. एका सकाळी मी कोठी उघडली तर सगळ्यात खालच्या गोधडीचा कोपरा उंदरांनी कुरतडलेला. कापडाच्या चिंध्या आणि भाकरीचा चुरा बाहेर आला होता. मी तणतणत अध्यक्षीणबाईंकडे गेले. त्या शांत स्वभावाच्या. "मावशींना विचारून काय ते कर," एवढंच म्हणाल्या. पण मला कसला दम! दुसऱ्या दिवशी सकाळी गोधड्या एसटीनं न्यायच्या होत्या. मावशी बारा वाजता येणार. त्यांना विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर ते तसंच होतं.

मी कातर घेतली आणि एकेक लाल ठिगळ उसवत गेले. आतून तो वाळलेला तांबूस तुकडा काढायचा, टोपलीत टाकायचा, ठिगळ पुन्हा टाचायचं. लेकीची गोधडीही मी सोडली नाही. माझं काम म्हणजे कसं अगदी नियमानं! सगळं उरकल्यावर मी टोपली देवळामागच्या शेळीपुढे रिकामी केली आणि मोठं काम केल्याच्या समाधानात चहा प्यायला गेले.

मावशी बाराला आल्या. गठ्ठ्यापाशी गेल्या आणि लेकीच्या गोधडीवरून हात फिरवला. हात कोपऱ्यापाशी थांबला. त्यांनी तो कोपरा चिमटीत धरून दाबला. मग खालच्या गोधडीचा. मग त्याच्या खालच्या.

"कुनी उसवलं?"

"मी," मी म्हटलं. "उंदीर लागतात मावशी, एक गोधडी वाया गेली. आणि लोकांना खायला मिळत नाही अशा दिवसांत अन्न असं शिवून टाकायचं म्हणजे..."

"अन्न माझं हुतं," मावशी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "माझ्या वाट्याचं. तुमच्या डब्यातलं न्हवतं."

मी तरीही बोललेच. तोंडाला आवर हा कधी नव्हताच. "मग घाला आता परत, त्यात काय एवढं!"

"लेकराच्या तोंडातला घास काढावा तसं केलंत तुमी ताई. ज्यानं काढला त्यानंच भरवायचा असतो. दुसऱ्याचा चालत न्हाई." त्यांनी आपली सुई पदराच्या टोकाला खोचली आणि पायऱ्या उतरून गेल्या. भाकरीचं फडकं तिथेच राहिलं. मी ते दिवसभर तिथेच पडू दिलं, कारण उचलायला हात होईना.

संध्याकाळी घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "अडाणी माणसं, रुसतात आणि येतात." मला तेच ऐकायचं होतं. तरी झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी माळीवाड्याच्या स्टँडवर एसटीच्या टपावर गठ्ठे चढवले. मंडळातल्या दोघी बरोबर होत्या. मिरजगावच्या पुढे उतरलो, गठ्ठे डोक्यावर घेतले आणि ढेकळं तुडवत कामाच्या जागी पोचलो. उघडं माळरान, मधे तलावाची अर्धी भिंत, आणि तिच्यावर घमेली घेऊन चढणाऱ्या-उतरणाऱ्या बायकांची रांग. एका बाजूला चुलाणावर मजुरांना वाटायची सुकडी शिजत होती. तिचा गोडसर वास सगळीकडे पसरला होता. गोधड्या आल्या म्हटल्यावर बायका घमेली टाकून धावत आल्या.

मी आधी लेकीला शोधलं. खोपटात होती. आठ दिवसांपूर्वी मोकळी झाली होती. विशीतली पोर, आईसारखीच काटक. बाळाला नवऱ्याच्या धोतरात गुंडाळून छातीशी धरलेलं. बारदानाच्या भिंतीतून वारा सरळ आत येत होता आणि बाळाचे ओठ निळसर दिसत होते. मी गोधडी पुढे केली. "तुमच्या आईनं पाठवली आहे."

तिचा चेहरा असा उजळला की मला आपलं सगळं केलेलं भरून पावल्यासारखं वाटलं. तिनं टाक्यांवरून बोटं फिरवली, हसली. मग बोटं कोपऱ्याशी गेली. लाल ठिगळ दाबलं. पुन्हा दाबलं. हसू गेलं.

"ही माझ्या आयनं शिवली न्हाई."

"अहो, त्यांनीच शिवली. माझ्यासमोर."

"टाका आयचा हाय. पर आय उपाशी गोधडी धाडायची न्हाई मला. बाळंतिनीला तर न्हाईच न्हाई." तिनं गोधडी घडी करून माझ्या मांडीवर ठेवली. डोळे भरून आले होते, पण ती ठाम होती. "आय बरी हाय न्हवं? खरं सांगा. आय गेली का माझी?"

मला वाटलं होतं, तिला राग आला असेल, गैरसमज झाला असेल. तिला वाटत होतं, आई मेली आणि कुणी दुसरीनं शेवट उरकला. आठ दिवसांची बाळंतीण, थंडीनं गारठलेलं मूल, ऊब द्यायला मी आणलेली गोधडी मांडीवर, आणि ती अंगावर घेता येत नाही. हे सगळं मी केलं होतं.

"आई चांगल्या आहेत," मी म्हटलं. "घास मी काढला. उंदीर लागतात म्हणून. त्यांना न विचारता."

तिनं माझ्या मांडीवरच्या गोधडीचा कोपरा माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "मंग भरवा."

एवढंच. शिवी नाही, बोलणं नाही. मी पिशवीतून डबा काढला. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. भाकरी मोडली. घास केवढा घ्यायचा ते कळेना, आणि मघाच्या त्या डोळ्यांपुढे लहान तुकडा तोडायला हात धजेना. चतकोर घेतला. सुई-दोरा मागितला. तिनंच खोपटाच्या बारदानात खोचलेलं दाभण काढून दिलं. मी आयुष्यात पहिल्यांदा दाभणानं टाका घातला. बोटाला तीनदा टोचलं. ठिगळ वाकडं बसलं, चतकोर भाकरीनं कोपरा टम्म फुगला. तिनं तो दाबून बघितला, मान हलवली आणि गोधडी स्वतःभोवती आणि बाळाभोवती ओढून घेतली. थोड्या वेळानं बाळानं आतल्या आत शिंक दिली. मला इतकं हायसं वाटलं की मी रडले.

बाहेर आले तर बाकीच्या बायका गोधड्यांचे कोपरे दाबत उभ्या. एकीनंही अंगावर घेतली नव्हती. मी एका दगडावर बसले. एकेक ठिगळ उसवलं, एकेक घास भरला. माझी भाकरी संपली. बरोबरच्या दोघींचीही संपली. मग रांगेतल्या बायका आपापल्या फडक्यातली मिलोची भाकरी काढून तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवायला लागल्या. ज्यांना द्यायला आम्ही आलो होतो, त्यांच्याच दुपारच्या घासातला घास. कुणाला त्याचं काही विशेष वाटलं नाही. मुकादम दोनदा ओरडून गेला, तर एक म्हातारी त्याला म्हणाली, "थांब की बाबा. पंगत बसलीया." सगळ्या हसल्या आणि तोही हसला.

ऊन कललं तेव्हा शेवटचं ठिगळ झालं. मी सकाळपासून उपाशी होते. लेकीनं खोपटातून अर्धी भाकरी पाठवली. मी ती एसटीत खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मावशींच्या खोलीवर गेले. त्या नवऱ्याला पाणी पाजत होत्या. मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं: नातू झालाय, लेक बरी आहे, घास मीच भरवला, माफ करा. त्यांनी ऐकलं. नातवाचं ऐकून डोळे पुसले. माझ्याबद्दल मात्र "बरं झालं" एवढंच म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या घासायला लागल्या. पडवीत त्या आल्या नाहीत. आम्ही गोधड्या शिवत राहिलो, माझा टाकाही जरा सुधारला, पण माझ्या शेजारची जागा रिकामी होती आणि दुपारी डबे उघडले की सगळ्यांची नजर तिकडे जायची. मी खूप वेळा पायऱ्यांकडे बघत असे. नवरा म्हणाला होता रुसतात आणि येतात. एवढं खोटं त्यानं दुसरं काही सांगितलं नाही.

बाळ सव्वा महिन्याचं झालं तेव्हा लेक एका दिवसासाठी आईला भेटायला नगरला आली. अध्यक्षीणबाईंच्या घरून मला निरोप आला, मावशींनी बोलावलंय. मी जाताना वाटेत दोनदा परत फिरले.

खोलीत गोधडी अंथरली होती, तिच्यावर बाळ हातपाय झाडत होतं. मावशी शेजारी बसल्या होत्या. मला बघून त्यांनी तो फुगलेला कोपरा हातात घेतला आणि चिमटीत दाबला. मग दोन्ही हातांनी दाबला. माझ्या वाकड्या टाक्यांवर नजर फिरवली.

"एवढा मोठा घास?" त्या म्हणाल्या. "अगं बये, गोधडी हाय ती. जावई न्हाई!"

लेक खो खो हसली. मीही हसले, आणि मग लक्षात आलं की मावशींनी मला ताई म्हटलं नव्हतं. अगं म्हटलं होतं.

"तू सांगून गेलीस, पर मला खरं वाटंना," मावशी म्हणाल्या. "सांगायला काय जातंय, म्हनलं. हातानं बघितल्याबिगर खरं धरायचं न्हाई. लेकीची गोधडी उपाशी गेली, तवापास्नं माझ्याच गळ्याखाली घास उतरत न्हवता बघ."

चुलीपाशी एक भाकरी झाकून ठेवलेली होती. त्यांनी ती मोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली, आणि आम्ही दोघी जेवलो.